सात-सोळांश

रात्रपाळीच्या वहीत तीन रकाने असतात:
वेळ, मुलाचं नाव, घटना.
येस्टिनच्या नावापुढे घटना पुष्कळ.
दार आपटलं. जेवला नाही.
छपरावर चढला, उतरला, का ते सांगितलं नाही.
दीड वर्षं मी हेच लिहीत आलो,
पोर्ट टॅलबटच्या या घरात, जिथे पाच मुलं राहतात
आणि आम्ही नऊ जण
पाळीपाळीने त्यांचे कुणीतरी असतो.

बारा वर्षांच्या पोराच्या सात शाळा झाल्या.
रोमन लोक त्याला तीनदा शिकवले,
तीन गावांत, तीन बाईंनी:
त्यांचे रस्ते, त्यांची न्हाणीघरं,
ढाल कशी धरायची.
अपूर्णांक मात्र एकदाही नाही.
एका शाळेत तो पोचला तेव्हा ते होऊन गेले होते,
दुसरीत ते यायच्या आत
कुणीतरी त्याचे कपडे काळ्या पिशवीत भरत होतं.
"मी मठ्ठ आहे," तो सांगतो,
बुटाचा नंबर सांगावा तसं.

मी काही मास्तर नाही.
सव्वीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात गेली,
भट्टी विझली तेव्हा पन्नाशी उलटलेली.
लहानपणी गणिताच्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं होतं,
त्यांनी आत घेतल्याचं मला आठवत नाही.

एका रात्री दोन वाजता
तो स्वयंपाकघरात आला, पाव करपवला,
टेबलावर वही आपटून म्हणाला,
तीन-अष्टमांश मोठे की सात-सोळांश?

मला उत्तर येत नव्हतं. हातांना येत होतं.
गाडीच्या डिकीत वडिलांची पान्यांची पेटी होती,
तेलकट, एक बिजागरी मोडलेली.
दोन पाने त्याच्या हातात दिले.
"डोळे मीट. कुठला मोठा?"
त्याने अंगठा फिरवला पान्यांच्या जबड्यांतून,
एकदा या, एकदा त्या.
"हा."
"आता वाच, काय कोरलंय."
तो बघत बसला. किटली उकळून गार झाली.
मग म्हणाला, तीन-अष्टमांश म्हणजे सहा-सोळांशच की.
छेद सारखा केला की दिसतं.

चाळीस वर्षांनी, रात्री अडीचला,
मी वर्गात आलो.

त्या हिवाळ्यात आम्ही पाने मांडत गेलो,
आधी लोखंडाची, मग कागदाची.
तो मला शिकवायचा, मी मुद्दाम चुकायचो,
पुष्कळदा मुद्दाम नाही.

एप्रिलमध्ये बैठक झाली. सहा मोठी माणसं, दोन फायली,
नवी समाजसेविका त्याला येसिन म्हणत होती.
तुला काय हवं, असं शेवटी त्यालाही विचारलं.
"जूनच्या परीक्षेपर्यंत हलवू नका."
तिने ते लिहून घेतलं. अक्षर सुंदर होतं.

मे महिन्यात, गुरुवारी, कार्मार्थनजवळ एक कुटुंब मिळालं.
भली माणसं. मेंढ्या आहेत, कुत्रा आहे.
जागा आत्ता आहे, पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही.
मी माझी चाकांची निळी बॅग दिली.
काळी पिशवी तेवढी होऊ दिली नाही.
वह्या सगळ्यांत वर ठेवल्या, पटकन काढता याव्यात म्हणून.
त्याने हात हलवला नाही. काच खाली केली, एवढंच.

रात्री पेटी उघडली तर एक खाच रिकामी.
नियमाने लिहायला हवं:
वस्तू हरवली, किंमत अमुक, संशय अमक्यावर.
मी वेळ लिहिली, त्याचं नाव लिहिलं
आणि घटनेच्या रकान्यात फक्त माप.

रविवारी त्याचा फोन आला.
कुत्र्याचं नाव सांगितलं, ते मला नीट ऐकू आलं नाही.
नव्या शाळेत, म्हणे, रोमन लोक चालू आहेत.
"मग?" मी विचारलं.
"मग काय," तो म्हणाला,
"ढाल कशी धरायची ते मला पाठ आहे."